फवारणीनंतर किती तास

नैवाशात रात्रीचे नऊ, आल्समेरला संध्याकाळचे सात,
कायाम्बेत जेवणाच्या सुट्टीतला एक.
तिघींच्या दिवसांत मिळून सापडतो तो एवढाच अर्धा तास.
त्यातली चार मिनिटं 'ऐकू येतंय का' मध्येच जातात.

मी दुभाषी. माझं काम पाण्यासारखं असावं म्हणतात,
स्वतःची चव नसलेलं.
लुसमिला स्पॅनिशमध्ये बोलते, मी इंग्रजीत ओतते,
नेकेसा इंग्रजीत उत्तर देते, मधेच खोकते.
खोकला तसाच पोचतो.

ग्राझिना फार बोलत नाही.
फुलांच्या लिलावघरात पहाटे तीनपासून ट्रॉल्या ओढते.
खोक्यांवरचे शेतांचे नंबर तिने
हातमोज्याच्या आत, मनगटावर, पेनाने लिहून आणलेत.
"चार-एक-सात. तुमचं का?"
"आमचंच," नेकेसा म्हणाली. "बारा नंबरचं शेड. लाल गुलाब.
त्या दिवशी पानं अजून ओली होती."

फवारणीनंतर किती तासांनी आत पाठवतात?
"एका. आम्ही सहा मागितले, तर मॅनेजर म्हणाला,
इक्वेडोरच्या बायका अर्ध्या तासात आत जातात.
तुम्ही नखरे करा, ऑर्डर तिकडे जाईल."

मी हे स्पॅनिशमध्ये सांगितलं.
पलीकडे काहीच नाही. वाटलं, लाइन गेली.
मग लुसमिला हसायला लागली, थांबेचना.
"आमचा फोरमन हेच म्हणतो. शब्दाला शब्द.
इक्वेडोर काढ, केनिया घाल."

मी तोंड उघडायच्या आत
'केनिया' नेकेसाला कळलं होतं.

रात्री मी सगळं मराठीत टिपून ठेवते.
स्वाहिलीत सिसी, स्पॅनिशमध्ये नोसोत्रोस,
ग्राझिनाच्या पोलिशमधला शब्द तर ऐकायला चक्क 'मी'.
ऐकणारी त्यात आहे की नाही, पत्ता लागत नाही.
मराठी असं सोडत नाही. दारात अडवून विचारते,
हिला आत घेतलीस का?
मागची पानं चाळली : आम्ही, आम्ही, आम्ही.
त्या दिवसाच्या पानावर मधूनच, शाई न बदलता,
आपण सुरू झालंय.
तसं कुणी म्हणालं नव्हतं. मी लिहिलं.
दुभाष्याने एवढं करायचं नसतं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. दुनियेला गुलाबांची घाई.
पंप बंद झाले आणि नैवाशात दोनशे अकरा जणी
शेडच्या दारात खाली बसल्या, पाय लांब करून.
आठ तासांनी, सूर्य तिकडे पोचल्यावर, कायाम्बेत चौसष्ट.
घोषणा नाहीत. कुणीतरी भाजलेला मका वाटला.
ग्राझिनाला बसायला दार नव्हतं.
तिने चार-एक-सातच्या प्रत्येक खोक्यावर
नेकेसाच्या सोललेल्या तळहातांचा फोटो चिकटवला,
किंमत लिहितात त्या जागी.

नैवाशात चार तास लिहून मिळाले. मागितले होते सहा.
कायाम्बेत काही नाही,
आणि मार्चच्या यादीत लुसमिलाचं नाव नव्हतं.
हे भाषांतर मला नीट जमलं नाही.
नेकेसाने दोनदा विचारलं, "कुठल्या यादीत?"
ग्राझिना आता दुसऱ्या गोदामात ट्यूलिपचे कांदे निवडते.
लुसमिला फोनवर येतेच, कुणाच्या तरी दुकानातून,
मागे कोंबड्यांचा आवाज.

काल नेकेसा म्हणाली, मॅनेजरचं वाक्य बदललंय.
आता तो म्हणतो, इथिओपियाच्या बायका...
पुढचं तिने सांगितलंच नाही.
विचारलं, "अम्हारिक येणारं कुणी आहे का ओळखीत?"

शोधते आहे.
तिथे घड्याळ निराळं मोजतात,
नैवाशातले नऊ म्हणजे त्यांचे तीन.
अर्धा तास मात्र तोच.